‘नव्वद टक्के लोन होऊनच जाते’ : घरखरेदीतला महागडा गैरसमज

वर्ध्यात घर घ्यायला निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘‘टेन्शन नका घेऊ भाऊ, नव्वद टक्के लोन होऊनच जाते.’’ दलाल म्हणतो, विकणारा म्हणतो, पाच वर्षांपूर्वी घर घेतलेले नातेवाईकही म्हणतात. त्या भरवशावर इसार दिला जातो. मग बँकेचं मूल्यांकन सौद्यापेक्षा कमी येतं आणि घरातल्यांची झोप उडते. हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता स्पष्ट लिहायलाच हवं.

गैरसमज : बँक सौद्याच्या किमतीच्या नव्वद टक्के देतेच.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नव्वद टक्के ही कमाल मर्यादा आहे, ग्राहकाचा हक्क नव्हे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला ९०, ३० ते ७५ लाखांना ८० आणि त्यापुढे ७५ टक्के. हे टक्के काढतात ते घर विकल्यास प्रत्यक्षात हाती येऊ शकेल अशा किमतीवर. म्हणून सौदा आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा बँका धरतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात येत नाही. १० लाखांपर्यंतच्या घरांसाठीच ती धरण्याची मुभा आहे.

आकडे मांडून पाहा. समजा, पिपरी (मेघे)तल्या एका घराचा सौदा २८ लाखांत ठरला. नव्वद टक्के म्हणजे २५.२० लाख कर्ज आणि पदरचे २.८० लाख, असा तुमचा हिशेब. मूल्यांकन आलं २४ लाख. आता कर्ज जास्तीत जास्त २१.६० लाख आणि पदरचे ६.४० लाख. वरचे ३.६० लाख ऐन वेळी उभे करायचे, आणि मुद्रांकाचा खर्च वेगळाच.

मग ओरड होते, ‘‘बँकेनं मुद्दाम भाव पाडला.’’ भाव कुणी पाडला ते जरा तपासू. मूल्यांकन करणारा आजूबाजूची नोंदणीकृत खरेदीखतं पाहतो. त्यांत काय लिहिलेलं असतं? अनेकदा रेडीरेकनरच्या सरकारी दराच्या आसपासचा आकडा, कारण उरलेली रक्कम रोखीत दिलेली असते. गल्लीतल्या दहा घरांनी खरा भाव कागदावर येऊ द्यायचा नाही, आणि अकराव्यानं तो कागदावर दिसत नाही म्हणून बँकेवर रागवायचं, हे बरोबर नाही. शिवाय घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

मूल्यांकन कमी येण्याचं दुसरं कारण नकाशात असतं. मूल्यांकन करणारा वरच्या मजल्यावर जातो, हातातला मंजूर नकाशा उघडतो. जिन्यालगतची खोली त्यात नसते. तुम्ही तिचे पैसे मोजणार असता. त्याच्या अहवालात तिची किंमत बहुधा शून्य. तिसरं कारण नुसत्या चर्चेचं. समृद्धी महामार्ग झाला, पवनारहून शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, म्हणून विकणारा भाव चढवतो. प्रस्तावित रस्त्याच्या चर्चेवर बँक पैसे देत नाही.

मूल्यांकन कमी आलंच, तर हातपाय गाळू नका. अहवालाची प्रत मागा. क्षेत्रफळ, बांधकामाचं वय आणि मजले बरोबर लिहिलेत का, ते ओळीओळीनं तपासा. चूक असेल तर मंजूर नकाशा आणि जवळपासच्या अलीकडच्या खरेदीखतांसह फेरमूल्यांकनाचा लेखी अर्ज द्या. नाही जमलं तर दुसरी बँक गाठा. आणि तोच अहवाल विकणाऱ्यासमोर ठेवून भाव कमी करायला सांगा. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘रेडीरेकनरचा दर म्हणजेच घराची किंमत.’ तो दर सरकारनं मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो. सौदा आणि तो दर यांत जो जास्त, त्यावर शुल्क लागतं.

‘नमुना आठ आहे, म्हणजे मालकी पक्की.’ ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. मालकीसाठी खरेदीखत, सातबारा किंवा आखीव पत्रिका बघा; जागा नझूलची असेल तर पट्ट्याची मुदतही तपासा.

‘मंजुरीपत्र हाती आलं, आता चिंता नाही.’ घर ठरण्याआधी मिळालेली मंजुरी तुमच्या उत्पन्नावर असते. घराची तपासणी त्यानंतर होते.

‘फी आपण भरतो, म्हणजे मूल्यांकन करणारा आपला माणूस.’ फी तुमच्या खिशातून गेली तरी त्याचा अहवाल बँकेसाठी असतो.

‘मूल्यांकन कमी, म्हणजे घरात खोट.’ तसं असेलच असं नाही. कधी घर चांगलं असतं, फक्त सांगितलेला भाव फुगलेला असतो.

शेवटी कळकळीचं सांगणं एकच. इसारपत्रावर सही करण्याआधी त्यात एक वाक्य लिहून घ्या : ‘बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास किंमत नव्यानं ठरवली जाईल, ते न जमल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल.’ विकणारा या वाक्याला नाही म्हणत असेल, तर इसार देऊ नका.