घरचा ससा : त्याचें आजारपण व त्याचें दुःख

आपल्या मासिकांत गाय, बैल, शेळी व कोंबडी यांच्या आजारांविषयीं वेळोवेळीं माहिती येत असते. सशासंबंधानें मात्र कोणी फारसें लिहीत नाहीं. कारण ससा शेतीच्या कामाचा नव्हे. तथापि पुणे शहरांत ज्या सभासदांचीं मुलें-नातवंडें राहतात, त्यांच्या घरीं आतां पाळीव ससे आढळतात, आणि त्यांतील पुष्कळ केवळ अज्ञानामुळें दगावतात. मजकडूनहि तेंच घडलें; म्हणून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आमच्या घरीं नातवासाठीं आणलेली सशांची जोडी होती. वैशाखांतील एका सायंकाळीं नरानें चारा सोडला. उन्हामुळें असेल, सकाळपर्यंत खाईल, असें सांगून मीं नातवास गप्प केलें. सकाळीं ससा थंडगार पडलेला आढळला. बैलानें एक वेळ वैरण टाकली तर आपण रात्रभर वाट पाहतों. तोच हिशेब मीं येथें लावला, आणि तो चुकला. कां चुकला तें सांगतों.

प्रथम एक खुलासा. टेकडीवर किंवा माळरानावर दिसणारा रानससा निराळा व घरचा ससा निराळा. रानसशाचीं पिलें अंगावर केंस व डोळे उघडे अशीं जन्मतात. घरच्या सशाचीं उघडीं व आंधळीं जन्मतात. घरच्या सशाचें मूळ युरोपांतील आहे. रानससा पकडून पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. पुढील मजकूर घरच्या सशासंबंधींच समजावा.

गाय चारा पोटाच्या पुढील भागांत आंबविते व रवंथ करून पुन्हां चावते. सशास रवंथ नाहीं. त्याचा चारा आंबतो तो आंतड्याच्या मागील बाजूस असलेल्या एका मोठ्या पिशवींत. तेथें तयार झालेल्या मऊ, घोसासारख्या लेंड्या तो स्वतःच लागलीच खातो व त्यांतील सत्त्व घेतो. हा रोग नव्हे. नेहमींच्या कोरड्या, गोल लेंड्या निराळ्या. हें सर्व काम काडीयुक्त चाऱ्याच्या रेट्यानें चालतें. खाणें थांबलें कीं आंतडें मंदावतें, वायु सांचतो, वेदना होतात, आणि वेदनेमुळें खाणें आणखीच सुटतें. सशास ओकतांहि येत नाहीं. यामुळें एक रात्र त्यास प्राणघातक ठरूं शकते. दहा-बारा तास खाणें किंवा लेंडी बंद झाल्यास वाट न पाहतां पशुवैद्य गांठावा.

ससा दुखणें लपवितो, कारण दुबळें दिसणारें जनावर शिकाऱ्याच्या तोंडीं आधीं पडतें. कोपऱ्यांत कुबड काढून बसणें, दांत करकर वाजविणें, डोळे अर्धवट मिटणें, लेंड्या बारीक होणें, हीं चिन्हें ओळखावीं. त्याच्या अंगाची उष्णता साधारण १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट असते; ती १०० च्या खालीं गेल्यास स्थिति गंभीर समजावी. अशा वेळीं गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून शेजारीं ठेवावी व त्यास तसाच दवाखान्यांत न्यावा. पोट ढोलासारखें ताठ असल्यास कांहींच भरवूं नये. अडथळा नाहीं असें वैद्यानें सांगितल्यावरच पातळ केलेला चारा बिनसुईच्या पिचकारीनें, तोंडाच्या बाजूनें, थोडा थोडा द्यावा. सशास उताणा करून कधींहि पाजूं नये.

घरांत उरलेलें माणसांचें औषध तर देऊंच नये. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन हीं औषधें तोंडावाटे दिल्यास आंतड्यांतील उपयोगी जंतु मरून ससा दगावूं शकतो. कुत्र्याच्या पिसवांवरील फिप्रोनिल हें औषधहि त्यास विषारी आहे.

रोगाचें मूळ पुष्कळदां आहारांत असतें. पोळी, भात व बिस्किटें वर्ज्य करावीं. वाळलेलें गवत अष्टौप्रहर समोर असावें. सशाचे दांत जन्मभर वाढतात, पुढील दांत तर आठवड्यास सुमारें २ ते ३ मिलिमीटर. गवत चघळल्यानेंच दाढा नीट झिजतात. लसूणघास दुभत्या गाईस उत्तम, परंतु त्यांत चुन्याचा अंश फार असल्यामुळें मोठ्या सशास तो रोज देऊं नये. उष्णमान ३० अंश सेल्सियसच्या वर गेल्यास सशास त्रास होतो, आणि पुण्याचा एप्रिल-मे याहून पुष्कळ वर जातो. तेव्हां सावली, वारा व फडक्यांत गुंडाळलेली बर्फाची बाटली द्यावी. पावसाळ्यांत मागील अंग ओलें व घाण राहिल्यास माशा तेथें अंडीं घालतात व अळ्या मांसांत शिरतात. म्हणून रोज दोनदां पाहावें.

आतां दुःखाविषयीं. जोडीदार गेल्यावर आमची मादी त्याची जागा हुंगत राहिली. ससा सोबतीनें राहणारा प्राणी असल्यामुळें त्यास विरह जाणवतो. मृत सोबत्याचें शरीर कांहीं वेळ त्याजवळ राहूं द्यावें, असा जाणत्यांचा सल्ला आहे; मृत्यु सांसर्गिक रोगानें झाला असल्यास मात्र नाहीं. मीं तें घाईनें उचलून पुरलें, ही माझी दुसरी चूक. मागें राहिलेल्याची जागा व चारा बदलूं नये. त्याजवळ जमिनीवर बसावें, ओढून उचलूं नये. नवा सोबती एकदम त्याच्या पिंजऱ्यांत सोडूं नये. दोघांस अपरिचित जागीं, देखरेखीखालीं भेटवावें. परंतु ‘दुःखामुळें खात नसेल’ हा समज घातक आहे. कारण कोणतेंहि असो, रिकामें आंतडें थांबतेंच. शिवाय पहिल्याचाच रोग दुसऱ्यास असूं शकतो.

महसूल खात्यांत पीकपाहणीचे तक्ते भरण्यांत माझें आयुष्य गेलें. त्याच सवयीनें एक वही घातली. तारीख, वजन, चारा, पाणी व लेंड्या असे पांच रकाने आंखले, आणि भरण्याचें काम नातवाकडे दिलें. सहाव्या दिवशीं सकाळीं त्यानें लेंड्यांच्या रकान्यांत ‘फार कमी’ असें लिहून वही मजपुढें धरली. मादी वरून धडधाकट दिसत होती. तरी या वेळीं मीं सायंकाळची वाट पाहिली नाहीं. दुपारच्या आंत आम्हीं दवाखान्यांत होतों, आणि ती वांचली. वही अद्याप चालू आहे. ज्यांच्या घरीं ससा आहे, त्यांनीं ती पहिल्याच दिवशीं घालावी, इतकीच विनंति आहे.