गायरानातून काय वाहून जाते?

मृगाचा पहिला दणका बसला की बडनेऱ्याच्या आसपासचे नाले चहासारखे वाहू लागतात. आता एक कोडे पाहा. काळ्या शेतात उन्हाळ्यात हातभर भेगा पडलेल्या असतात व पहिले पाणी त्या पिऊन टाकतात. माती फुगून भेगा मिटल्या की मगच शेतातून पाणी वाहते. तरीही नाला पहिल्याच दिवशी गढूळ कसा?

यातले बरेचसे पाणी गायरानातले, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या ई-क्लास जमिनीतले असते. ही जमीन बहुधा मुरमाड, उताराची आणि मातीचा थर पातळ. त्यात वर्षभर ढोरांच्या खुरांनी ती चेपलेली. जून महिन्यात गवताचे नावही नसते, असतो तो वाळलेल्या शेणाचा चुरा. तो हलका, म्हणून सर्वांआधी तरंगून निघतो.

नाल्याचे पाणी पेल्यात रात्रभर ठेवू या. तळाशी गाळ बसतो. स्फुरद बहुतांशी त्याच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. वरच्या पाण्याची पिवळसर झाक बरीचशी विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनची. नायट्रेट मात्र विरघळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही.

मुलांकडून एक गणित करून घ्यावे. एक हेक्टरवरून फक्त 1 मिलिमीटर माती गेली, तर ती 10 घनमीटर, म्हणजे सुमारे 13 टन होते. तीत अर्धा टक्का सेंद्रिय कार्बन धरला तर 65 किलो कार्बन आणि त्याच्याबरोबर साधारण 6 किलो नत्र गेले. प्रत्यक्षात गाळ मागे उरलेल्या मातीपेक्षा कसदार असतो, म्हणजे आपला हिशेब कमीच पडतो.

हा कस तळ्यात पोचला की शेवाळ माजते. 1 ग्रॅम स्फुरदावर सुमारे 100 ग्रॅम सुके शेवाळ पोसू शकते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

दोष ढोरांना देणे आम्हाला पटत नाही. गवताने मूळ धरण्याआधीच त्यावर चरणे, हे खरे दुखणे. (गोवऱ्यांसाठी वेचलेले शेणही गायरानातून गेलेला कसच, पण तो निदान चूल पेटवतो.)

शाळेत दोन पत्र्याचे ट्रे घ्या. एकात गवतासकट उचललेली माती, दुसऱ्यात उघडी. दोन्हींवर सारखाच शेणाचा चुरा. एका बाजूने सारखेच उचलून झारीने तेवढेच पाणी घाला आणि खालच्या कडेचे पाणी बाटल्यांत धरा. बाटल्या आठवडाभर खिडकीत राहू द्या. कोणती आधी हिरवी होते, ते मुलांना लिहून ठेवायला सांगा.