न उडालेला बार

देवळ्याजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर सुरुंगांनी खोल गेली. माती, मुरूम कुदळीने निघतो. काळा पाषाण लागला की कुदळ हरते. सुरुंग पेटवण्याआधी विहिरीवरून आरोळी यायची. आम्ही पोरे बांधापलीकडे पळून बार मोजायचो. सात भरलेले आणि सहाच ऐकू आले, की मोठ्यांचे चेहरे उतरत. का, ते खाणकामाचा इतिहास वाचताना कळले.

जुनी सुरुंगाची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती भोकात भरून कांबीने ठासत. लोखंड दगडाला घासून ठिणगी पडली, की बार ठासणाऱ्याच्याच अंगावर. 1848 मध्ये अमेरिकेत रेल्वेसाठी खडक फोडताना फिनिअस गेजच्या कवटीतून अशी कांब आरपार गेली. तो जगला, म्हणून त्याचे नाव राहिले. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये आणि थळघाटाचा 1865 मध्ये खुला झाला. नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले 1867 मध्ये. म्हणजे आपले दोन्ही घाट फोडले ते या जुन्या दारूनेच.

बिकफर्डची वात 1831 मध्ये आली आणि पळायला किती वेळ आहे ते आधी सांगता येऊ लागले. पण विझली वाटणारी वात आत धुमसत राहू शकते; डोकावायला गेलेला माणूस तिथेच सापडतो.

जुन्या दारूत एक गुण मात्र होता: भिजली की ती मेली. जिलेटीनचे तसे नाही. न उडालेली कांडी पावसाळाभर पाण्याखाली राहूनही जिवंत असू शकते. आमच्याकडे विहिरीचे काम उन्हाळ्याअखेर थांबते, पाऊस तळ भरून टाकतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात कदाचित दुसरीच टोळी उतरते. गेल्या वर्षी किती बार ऐकू आले, हे तिला कोण सांगणार?

खाणींच्या नियमांत जुन्या भोकाच्या बुडात पुन्हा छिद्र घेण्यास मनाई आहे. न उडालेल्या बाराशेजारचे नवे भोकही किमान 30 सेंटीमीटर दूर, त्याला समांतर घ्यायचे असते. शेतातल्या विहिरीत मात्र अर्धे तयार भोक दिसले, की मेहनत वाचली असेच वाटते. आमच्या विहिरीवरच्या एका मामांना तसेच वाटले होते. डावा डोळा आणि दोन बोटे गेली. पुढे ते काठावर बसून नुसते बार मोजायचे, आणि त्यांची मोजणी जुळल्याशिवाय तात्या कुणाला दोर धरू देत नसत.