टीमची सहल: मालकाच्या हौसेची की माणसांच्या आवडीची?

ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सर, दुकानात माणसं इनमीन सहा-सात. त्यांच्यासाठी टीम बिल्डिंग वगैरे करायचं का?" माझं उत्तर एकच: जरूर करा, पण मी केलेली चूक करू नका.

पहिली सहल: खर्च माझा, शिक्षा त्यांना

सोलापुरात माझं कापडाचं दुकान आहे. काउंटरवर तिघी, गोडाऊनला दोघं, एक जण हिशेबाला, एक डिलिव्हरीला, अशी सात माणसं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सीझनआधी सगळ्यांना रिसॉर्टवर नेलं. दिवस निवडला साप्ताहिक सुट्टीचा, म्हणजे धंदा बुडायला नको! सकाळी सातला गाडी, मग रस्सीखेच, संगीत खुर्ची आणि शेवटी 'आपण सगळे एक कुटुंब' हे माझं ४० मिनिटांचं भाषण. टी-शर्टसुद्धा छापले. खर्च १४,००० रुपये.

दुसऱ्या दिवशी खुशीत विचारलं, "काय, मजा आली ना?" सगळे म्हणाले, "हो मालक." आता मालकाला दुसरं काय सांगणार?

दिवाळी झाली आणि काउंटरवरच्या सगळ्यात जुन्या ताईंनी काम सोडलं. त्यांना घराजवळ काम मिळालं होतं, सहलीमुळे गेल्या असं नाही. पण हिशेब घेताना म्हणाल्या, "मालक, राग मानू नका. आठवड्यात एकच दिवस लेकरांसाठी मिळतो. तो त्या दिवशी गेला, आणि वर हसावंही लागलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

शिकलो होतो, वापरलं नव्हतं

बीबीएला आम्हाला हॉथॉर्नचे प्रयोग होते. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ पासून ते सुरू झाले. उजेड कमी-जास्त केला तर कामात काय फरक पडतो, इथून सुरुवात झाली. पुढे त्यांनी २०,००० हून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आधी ठरलेले प्रश्न विचारायचे, नंतर लक्षात आलं की माणसाला त्याच्या मनातलं बोलू दिलं तरच खरं कळतं. परीक्षेत यावर मी पानभर लिहिलं होतं. दुकानात मात्र सात माणसांनाही कधी विचारलं नव्हतं!

दुसऱ्या वेळी काय केलं?

पुढच्या वर्षी काउंटरवर एक डबा ठेवला. नाव न लिहिता चिठ्ठीवर तीनच उत्तरं द्यायची: कुठली वेळ चालेल? काय करायला आवडेल? काय अजिबात नको? मला अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चिठ्ठ्या हिशेबनीसांनी वाचून दाखवल्या. चौघांनी लिहिलं, 'सुट्टीच्या दिवशी नको'. दोघींनी लिहिलं, 'सातच्या आत घरी'. एकाने लिहिलं, 'भाषण नको'. मीसुद्धा हसलो, काय करणार!

आवडीच्या रकान्यात हुरडा तीनदा आला. गोडाऊनच्या पोराच्या मामाचं शेत मंगळवेढ्याकडे आहे. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे जीआय मानांकन मिळालेली, तेव्हा वाद घालायला जागाच नव्हती. गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर एका बुधवारी दुपारी बाराला शटर खाली घेतलं. पगार पूर्ण दिवसाचा.

शेतावर एक गोष्ट मी ठरवून केलेली नव्हती, ती आपोआप झाली. आगटी कशी करायची, गोवऱ्या कशा लावायच्या, कणीस कधी काढायचं, हे आमच्यात फक्त त्या पोरालाच येत होतं. दुकानात सगळे त्याला "अरे, तो गठ्ठा आण" म्हणायचे. इथे सगळे त्याला विचारत होते. मी गरम कणसं चोळायला बसलो, हात भाजला, तर म्हणाला, "मालक, तुम्ही राहू द्या, तुमच्याच्यानं नाही व्हायचं." सगळे खळखळून हसले. हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ आणि गप्पा. खेळ एकही नाही. साडेसहाला सगळे घरी. गाडी २,८०० आणि शेतावरचा खर्च ३,२००, म्हणजे ६,००० रुपये.

चमत्कार झाला असं सांगणार नाही. पण लग्नसराईत फरक दिसला. आधी चुकीचा माल खाली आला की काउंटर आणि गोडाऊनची भांडणं माझ्यापर्यंत यायची. आता ताई वर फोन करून म्हणतात, "भाऊ, नंबर परत बघ की." आणि तो बघतो.

तुमच्यासाठी सात सोपे नियम

१. वेळ कामाची द्या, त्यांच्या सुट्टीची नको. अर्ध्या दिवसाचा गल्ला हासुद्धा खर्चच धरा.
२. वर्गणी काढू नका, पगारातून कापू नका.
३. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा: एकादशी, चतुर्थी, रमजान, मुलांच्या परीक्षा.
४. अंधार पडायच्या आत घरी पोचवा. दारू पूर्ण बंद.
५. ज्याला यायचं नाही त्याला कारण विचारू नका, आणि त्याचा पगारही कापू नका.
६. कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका.
७. एखादं काम असं ठेवा की जे मालकापेक्षा दुसऱ्याला जास्त चांगलं येतं.

माझ्या मते यातला सातवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. रोज आपण सांगतो आणि ते ऐकतात. एक दिवस उलटं होऊ द्या.

आणि हो, पगार वेळेवर होत नसेल तर आधी तो करा. थकलेल्या पगारावर हुरड्याचा उतारा चालत नाही.

या आठवड्याचं काम सांगतो: एक डबा, तीन प्रश्न. चिठ्ठ्या वाचताना थोडं टोचेल. टोचू द्या, तिथूनच सुरुवात होते.