पिकअप गाडीची चाल कशी सुधारावी?



सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रीघ लागते. त्यांत मोठे ट्रक असतात, ट्रॅक्टर असतात आणि लहान शेतकऱ्याची पिकअप गाडीही असते. सांगोल्याचे डाळिंब, पंढरपूरकडची द्राक्षे, मंगळवेढ्याची ज्वारी हीही या गाडीतून निघतात. म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा माल शेवटी या गाडीच्या चार चाकांवर बसतो.

गाडी जुनी होऊ लागली की मालकाच्या दोन तक्रारी सुरू होतात. रिकामी असली की फार आदळते, आणि भरली की मागे बसते, वळणावर डुलते. यावर एकच औषध सर्रास सांगितले जाते: ‘एक पाटा वाढवून घ्या, सगळं ठीक होईल.’ हे औषध कोणत्या दुखण्यावर चालते, कोणत्यावर चालत नाही, आणि ते घेण्याआधी काय तपासावे, ते आज पाहू.

आधी पाट्याचे काम काय ते समजून घेऊ. जुन्या बैलगाडीला कमान नव्हती. चाक दगडावर चढले की आख चढे, आणि आखाबरोबर माणूसही उडे. टांग्याला मात्र पोलादी कमानी असत. चाक वर गेले तरी कमान दबे आणि वर बसलेल्याला धक्का कमी लागे. घोडागाडीच्या अशा कमानीसाठी ओबादाया इलियट या इंग्रज कारागिराने १८०४ साली पेटंट घेतले होते. आपल्या पिकअपच्या मागच्या आखावरचे पाटे हे त्याच कमानीचे वंशज. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, मध्ये त्यांना गुंफणारा सेंटर बोल्ट, आखाशी घट्ट धरणारे यू-बोल्ट, आणि टोकांना रबरी किंवा धातूचे बुश. मागचे टोक एका झुलत्या कडीला लावलेले असते. पाटा दबला की लांब होतो, म्हणून त्याला ही मोकळीक हवी.

शिक्षक बंधूंना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर २० सेंटिमीटर काढून धरा आणि टोकाला लहान वजन टांगा. पट्टी किती वाकली ते मोजा. दुप्पट वजन लावा, वाक दुप्पट होईल. हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. आता पहिलेच वजन ठेवून पट्टी फक्त १० सेंटिमीटर बाहेर ठेवा. वाक निम्मा होईल असे मुले म्हणतील. तो भरतो जवळजवळ आठवा हिस्सा. जाडीचेही तसेच. पट्टी दुप्पट जाड केली, तर ती आठपट ताठ होते.

याचा गाडीशी संबंध काय? तर असा. ८ मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा पाटा टाकला, तर दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण तो पाटा जवळजवळ दुप्पट ताठ झालेला असतो. म्हणून ‘थोडा जाड टाकतो’ हे बोलणे थोडे नसते, बरं का.

ताठ पाटा चांगला की वाईट? ते भारावर आहे. भाराने पाटा १० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण दीड हेलकावा घेते. अंगाला हे झोक्यासारखे वाटते. तोच पाटा रिकाम्या गाडीत अडीच सेंटिमीटरच दबला, तर हेलकावे सेकंदाला तीन होतात, आणि त्यालाच आपण ‘गाडी आदळते’ म्हणतो. पिकअपची अडचण इथेच आहे. सकाळी ती रिकामी, दुपारी टनभर माल घेतलेली. एकच पाटा दोन्ही वेळांना नेमका बसणे कठीण.

दुसरा भाग शॉकअपचा. पाटा धक्का गिळतो, पण गिळलेला परत फेकतो. शॉकअपच्या आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून ये-जा करते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत घालवते. शॉकअप मेला की गाडी एका खड्ड्याचे चार हेलकावे करते. चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण ऐकू येते.

आता तपासणीचा क्रम. पैसा खर्च करण्याआधी यातली बरीच कामे घरच्या अंगणात होतात.

पहिले पाहा टायर. गाडीच्या दारापाशी किंवा पुस्तिकेत रिकाम्या व भरलेल्या गाडीची हवा लिहिलेली असते. भरलेल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत तशीच ठेवली, तर निम्मी आदळआपट तिचीच असते.

दुसरे पाहा शॉकअप. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. तो वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबला पाहिजे. हलतच राहिला, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर तो बदला. बदलताना एका आखावरची जोडी बदलावी, एकच नको.

तिसरे पाहा पाटे. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंना आख आणि चेसिस यांमधले अंतर मोजा. एका बाजूला ते कमी भरले, तर तो पाटा बसला आहे. पाट्यांवर भेग आहे का, सेंटर बोल्ट तुटून आख मागेपुढे सरकला आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का, बुश खाल्ले आहेत का, हे दिव्याच्या उजेडात नीट पाहावे. गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार कधी कधी स्टिअरिंगची नसतेच, ती सरकलेल्या आखाची असते. गंज आणि चिखलाने पाटे एकमेकांना धरून बसले असतील, तर लहान खड्ड्यावर ते हलतच नाहीत. असे पाटे खोलून, साफ करून, ग्रॅफाइटचे ग्रीस लावून बसवले, की नवा पाटा न घालताही चाल मऊ येते. थोड्याच पाट्यांची, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती होत जाणारी कमान असेल, तर मात्र कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच करावे.

बसलेले पाटे पुन्हा कमानून घेण्याची पद्धत आहे. त्यात एक धोका ओळखून ठेवा. लोहार विळा तापवून त्याला पाणी देतो, तेव्हा धार टिकते. पाट्याच्या पोलादालाही असेच ठरलेल्या तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते. तो भट्टीत लाल करून नुसता वाकवला, तर त्याचे पाणी उतरते आणि चार खेपांत तो परत बसतो. भेगेला वेल्डिंग करणे तर त्याहून वाईट. जोडाशेजारी पोलाद ठिसूळ होते. तुटलेला पाटा बदलावाच. पाट्याचे काम झाले की यू-बोल्ट नवे घालावेत, पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत, आणि शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

एवढे करूनही, कायदेशीर भारातच गाडी फार बसत असेल, तर मदतनीस पाट्याचा विचार करावा. गॅरेजवाले त्याला हेल्पर म्हणतात. हा रिकाम्या गाडीत मोकळा राहतो. भार आला की टेकतो आणि कामाला लागतो. रिकामी गाडी मऊ, भरलेली गाडी ताठ, अशी सोय त्यामुळे होते. बऱ्याच गाड्यांत तो कारखान्यातूनच असतो. तो असला तर त्याच्यावर आणखी पाटे चढवू नयेत. नसला तर कंपनीने त्याच गाडीसाठी ठरवलेलाच घ्यावा. मधल्या गठ्ठ्यात नुसता जाड पाटा घुसवणे म्हणजे मदतनीस नव्हे.

आता मुख्य गोष्ट. पाटा वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली, असे नाही. वाढली ती फक्त बसण्याआधीची सहनशक्ती. आख तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच. पूर्वी गाडी मागे बसून सांगायची, ‘मालक, आता पुरे.’ पाटा वाढवून आपण तिचे तोंड बंद करतो. काही गाड्यांत मागच्या आखाशी जोडलेला एक वाल्व असतो. गाडी किती बसली ते पाहून तो मागच्या चाकांना ब्रेकचा जोर देतो. पाटे ताठ केले की गाडी बसत नाही. वाल्वला वाटते, माल थोडा आहे, आणि तो जोर कमी देतो. म्हणजे भार जास्त आणि ब्रेक कमी! शिवाय गाडी उंच झाली की वळणावर जास्त कलते, आणि फक्त मागचा भाग ताठ असला तर पावसात ओल्या रस्त्यावर तोच आधी घसरतो.

कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. हिशेब सोपा आहे. समजा, पुस्तकात एकूण वजन २,९०० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,६०० किलो लिहिले आहे. राहिले १,३०० किलो. चालक, सोबती आणि किरकोळ सामान यांचे १५० वजा केले, तर ५० किलोच्या २३ गोण्या. चोविसावी गोणी दुसऱ्या खेपेला.

मालाचाही विचार करा. गाडी खाली आदळते तेव्हा क्रेटमधले फळ क्षणभर अधांतरी राहते आणि परत खाली पडते. वरच्या थरातली फळे सर्वांत मोकळी, म्हणून मार जास्त त्यांनाच. द्राक्षाचे मणी गळतात, डाळिंबाच्या सालीखाली डाग पडतो. तो डाग बाजारात दिसतो आणि भाव उतरतो. म्हणून क्रेट घट्ट बसवावेत, वरच्या थराला कागदाची गादी द्यावी, जड माल मागच्या आखाच्या थोडा पुढे ठेवावा. तो फळकुटाकडे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागते.

लग्नाला, जत्रेला, वारीला याच गाडीत माणसे उभी करून नेण्याची चाल आहे. ती सोडावी. गोणी वळणावर एका जागी राहते, माणसे मात्र सगळी एकाच बाजूला झुकतात, आणि वर उभे राहिल्याने गाडीचा तोल आधीच उंच गेलेला असतो. असली गाडी कोणत्याही पाट्याने सावरत नाही.

थोडक्यात सांगायचे तर आधी हवा, मग शॉकअप, मग बुश आणि बोल्ट, मग पाट्यांची सफाई, आणि सर्वांत शेवटी मदतनीस पाटा, असा क्रम ठेवावा. पुढच्या खेपेआधी अर्धा तास काढून गाडीखाली एकदा वाकून पाहा. गॅरेजात गेलात तर ‘पाटा वाढवा’ असे न सांगता ‘दुखणं कुठं आहे ते दाखवा’ असे विचारा.