आधी गाडी, मग बिऱ्हाडं

व्हिएन्नात डॅन्यूब नदीपलीकडे आस्पर्नचा जुना विमानतळ होता. तो १९७७ मध्ये बंद झाला आणि त्याची बरीचशी सपाट जमीन पुढे तीस वर्षं तशीच पडून राहिली. २००७ मध्ये महापालिकेने तिथल्या २४० हेक्टरांचा आराखडा मंजूर केला. त्यात पंचवीस हजारांवर रहिवासी, वीस हजारांच्या आसपास रोजगार आणि मधोमध पाच हेक्टरांचा खोदलेला तलाव होता. या तलावावरूनच वस्तीला नाव मिळालं ‘झेश्टाट’, म्हणजे तलावनगरी. जाहिरातीत अर्थातच पाणी पुढे असतं. वस्ती उभी राहिली ती मात्र कामांच्या क्रमामुळे, आणि त्या क्रमात रेल्वे पहिली होती.

मेट्रोची यू-२ मार्गिका ऑक्टोबर २०१३ मध्ये तलावाकाठी पोचली. पहिली बिऱ्हाडं आली ती २०१४ च्या शरद ऋतूत. वर्षभर जवळजवळ रिकाम्या गाड्या धावल्या, हा पैशाचा अपव्यय नव्हे का? हिशेबाच्या वहीत तसं दिसेल खरं. पण नव्या घरात आलेलं कुटुंब कामावर कसं जायचं हे पहिल्या काही महिन्यांतच ठरवतं. दारात एकदा मोटार आली की मागाहून आलेली गाडी तिला सहसा हटवू शकत नाही. आपल्याकडे नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि तिथल्या वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत नवी मुंबईची भिस्त रस्त्यावरच राहिली. शिवाय झेश्टाटमध्ये रूळ खांबांवर आहेत. वस्तीचे दोन तुकडे पडत नाहीत, खालून पायी जाता येतं.

दुसरी युक्ती तळमजल्यांची. मुख्य रस्त्यावरचे गाळे एकच कंपनी भाड्याने घेते आणि कुठे काय हवं ते ठरवून दुकानदारांना देते. गिऱ्हाईक अजून वाढायचं असताना वाणसामान आणि औषधं चालण्याच्या अंतरावर मिळतात ती त्यामुळे. यावर आक्षेप असा की बाजार आपोआप वाढावा, त्याला व्यवस्थापक कशाला? जुन्या पेठेपुरतं हे बरोबर आहे. तिला वाढायला शंभर वर्षं मिळालेली असतात. रिकाम्या मैदानावर मात्र दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहतो आणि गिऱ्हाईक दुकानाची. खरा दोष वेगळाच आहे, आणि टीकाकारांनी तो नेमका पकडला: सुरुवातीच्या चौकांत फरसबंदी फार आणि सावली थोडी. तलाव जवळ असूनही ते उन्हाळ्यात तापतात, कारण पाण्याचा गारवा काठापासून फार आत येत नाही. म्हणून नंतरच्या झेबोगन भागात रस्त्याखाली खडीचा पोकळ थर घातला आहे. पावसाचं पाणी गटारात न जाता त्यात मुरतं आणि झाडांच्या मुळांना पसरायला जागाही मिळते.