फ्लॉरेन्सचा घुमट आणि न सुटलेला प्रश्न



नवे चर्च बांधायचे ठरले की आपल्या अपेक्षा अनेक असतात. मंदिर प्रशस्त हवे, पण मध्ये खांब नकोत. उंच हवे, पण खर्च बेताचा हवा. शिवाय पहिला दगड बसण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाचे पक्के उत्तर आपण वास्तुशिल्पकाराकडून मागतो. वस्तुतः परस्परविरोधी मागण्यांतून वाट काढणे हेच त्याचे काम असते, आणि आरंभी ती वाट त्यालाही पूर्णपणे दिसत नसते. इटलीतील फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट हे याचे बोलके उदाहरण आहे.

या कॅथेड्रलचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले. १३६७ साली घुमटाचा नमुना मान्य करण्यात आला. घुमट अष्टकोनी असावा, त्याची रुंदी ४० मीटरांहून अधिक असावी आणि त्याला बाहेरून टेकूच्या भिंती नसाव्यात, असे ठरले. मोठा घुमट स्वतःच्या भाराने पायथ्याशी बाहेर फाकू पाहतो. टेकू नाकारल्यावर तो रेटा थोपवायचा कसा, याचे उत्तर मात्र कोणापाशीही नव्हते. शिवाय एवढ्या उंचीवर जमिनीपासून लाकडी सेंटरिंग उभारणेही जवळजवळ अशक्य होते. अखेर १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली. मूळचे सुवर्णकार असलेले फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांनी अशा सेंटरिंगशिवाय घुमट बांधण्याची तयारी दाखविली.

१४२० साली काम सुरू होताना जो लेखी मसुदा झाला, तो आम्हांस विशेष मननीय वाटतो. त्यात दुहेरी कवच, भिंतींची जाडी, रेटा रोखणाऱ्या दगडी व लाकडी साखळ्या यांचा तपशील आहे. मात्र सुमारे १७ मीटर उंचीच्या पुढे काम कसे करावे, हे त्या वेळी येणाऱ्या अनुभवावरून ठरवावे, असेही त्यातच नमूद केले आहे. अनिश्चितता लपविली गेली नाही. तिला करारातच जागा देण्यात आली. त्यानुसार पुढे फेरबदलही झाले. १४२२ साली भार कमी करण्यासाठी, ठरल्यापेक्षा खालच्या थरापासूनच दगडाऐवजी विटा वापरण्याचा निर्णय झाला.

मुख्य विसंगती आकाराची होती. गोल घुमटाचा प्रत्येक थर पूर्ण होताच कड्याप्रमाणे स्वतःला धरून ठेवतो. अष्टकोन तसे करीत नाही. ब्रुनेलेस्की यांनी आतील कवच इतके जाड ठेवले की, त्या जाडीत अखंड वर्तुळ सामावले. ओल्या चुन्यातील विटा घसरू नयेत म्हणून काही विटा ठरावीक अंतरावर उभ्या बसविल्या. ही रचना माशाच्या काट्यासारखी दिसते. घुमट बाहेरून अष्टकोनी राहिला, पण वर्तुळाच्या बळावर उभा राहिला.

२५ मार्च १४३६ रोजी पोप यूजीन चौथे यांनी कॅथेड्रलचे अभिषेचन केले आणि त्याच वर्षी घुमटही पूर्ण झाला. कालांतराने त्याला तडे गेले. आजही यंत्रांद्वारे त्यांचे मोजमाप केले जाते.

धर्मग्रामाच्या बांधकामात भाविकांच्या घामाचा पैसा असतो, म्हणून प्रश्न अवश्य विचारावेत. परंतु 'सर्व काही ठरले आहे ना?' एवढेच विचारून थांबू नये. काय ठरले आहे, काय ठरायचे आहे आणि ते कोणत्या टप्प्यावर, कोणी ठरवायचे, हेही विचारावे व लिहून घ्यावे. 'हे अद्याप ठरलेले नाही' असे स्पष्ट सांगणाऱ्या वास्तुशिल्पकाराला अननुभवी समजण्याची घाई आपण करू नये.